डाळ एकच होती का?

आमच्या सातवीच्या वर्गात वरण शिजायचं. हे मी आता कुणाला सांगितलं तर समोरचा माणूस हसून विषय बदलतो, पण खरंच शिजायचं. पातूरकडच्या तायडे बाई त्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या होत्या. उंच, सावळ्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेणाऱ्या आणि आवाजानं वर्गाची खिडकी हलवणाऱ्या. पाण्याचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हे तुमी घरी वाचजा. उद्या येताना आपापल्या घरचं पानी आना, रोज पेता तेच." दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कठड्यावर बाटल्यांची रांग लागली. औषधाच्या, सरबताच्या, एक तर चक्क तेलाची, तिच्यातल्या पाण्यावर तवंग तरंगत होता. बाईंनी घरून रॉकेलचा स्टोव्ह आणला होता, एक जर्मलचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, एक वाटी आणि तुरीच्या डाळीचा एक डबा. रोज एका मुलीच्या पाण्याची पाळी. तोच गंज, तीच वाटी, तेवढीच आच. दाणा चिमटीत घेतला की मऊ चेपला जाईपर्यंत किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहायचं. आधी त्यातलं थोडं पाणी वेगळ्या बाटलीत घेऊन साबणाचा तुकडा घालून हलवायचं आणि फेस किती बोटं आला ते मोजायचं. डाळीचा डबा बाई कपाटात कुलूप लावून ठेवत. आम्हाला वाटायचं, उंदरांसाठी.

अकोल्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा आहे. काळीभोर जमीन, कपाशी कमरेएवढी, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांहून एस.टी.नं येणाऱ्या चार-पाच मुली आमच्या वर्गात होत्या. त्यांच्या पाण्यात डाळ दोन तास झाले तरी गोट्यांसारखी राहायची आणि साबणाचा फेस येण्याऐवजी पांढरा चोथा तरंगायचा. एक मुलगी त्यावर रडायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "कायले रडतं व? पानी नापास झालं, तू नाई." आम्ही हसलो. पण मी त्या दिवसापासून पाण्याकडे संशयानं पाहायला लागले. मुळात मी भित्री. दुधाला साय आली नाही तरी मला वाटायचं, काहीतरी वाईट होणार. बाईंनी माझ्या भीतीच्या हातात एक हत्यारच दिलं होतं, आणि ते चालवायला मला फार दिवस थांबावं लागलं नाही.

आम्ही जुन्या शहरात तीन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा वकील, म्हणजे सकाळी पक्षकार आणि दुपारी कोर्ट. पहाटे नळ आला की आधी तोटीतून हवा फुसफुसायची आणि त्या आवाजानं घर जागं व्हायचं. पाणी भरणं आईचं. ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, कारण तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं होतं. लहानपणी दोन गुंड, म्हणजे हंडे, डोक्यावर घेऊन ती नि तिची आई कोसभर लांबून गोडं पाणी आणायच्या, आणि डोक्याच्या मधोमध तिचे केस विरळ झाले ते तेव्हापासून, असं ती सांगायची. त्या गावांना लोक मुली द्यायला कचरतात, हे काही गुपित नाही. सोयरीक काढली की जमीन किती याच्या आधी "पानी कसं हाये?" हा प्रश्न येतो. माझी थोरली बहीण नंदाताई बी.ए. झाली आणि अमरावतीच्या आत्यानं दर्यापूरकडचं एक स्थळ आणलं. शेती भरपूर, मुलगा शिकलेला, माणसं सरळ, आणि गाव नेमकं खारपाणपट्ट्यातलं. आई ऐकूनच उठून उभी राहिली. "माह्या पोरीले मी खाऱ्या पान्यात देनार नाई." आत्या म्हणाली, "अव वयनी, आयकून तं घे. त्यायची वावरातली विहीर गोड हाये. नाल्याच्या काठची. अर्धं गाव तिथूनच भरते." नंदाताई तेव्हा पोळ्या लाटत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. लाटण्याचा आवाज मात्र थांबला होता, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे. तेव्हा कानावर आलं असेल, मनावर आलं नव्हतं.

त्यांनी मुलगी पाहिली, पसंत केली. मग घर पाहायला आम्ही गेलो. आई, बाबा, आत्या आणि शेपटासारखी मी. माझ्या पिशवीत सरबताची एक धुतलेली रिकामी बाटली होती, ती कुणाला माहीत नव्हती. सोयरीक जुळेपर्यंत जेवायचं नाही असा रिवाज, म्हणून चहा आणि चिवडा. मुलाच्या आई ठेंगण्या, चपळ, हातभर हिरव्या बांगड्या, बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी माठातलं पाणी दिलं. आईनं पेला हातात धरला, तोंडाला लावला नाही आणि माझ्या कानाशी लागली, "हे कुठून आनलं कोनाले माईत. तू विहिरीवर जाऊन पेऊन पाय." मी गेले. स्वतः दोर सोडला, स्वतः ओढला, ओंजळीनं प्यायले. पाणी गोड होतं. आमच्या नळापेक्षा गोड होतं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण तेव्हा मी ते आईला नीट सांगितलं नाही. "गोडच लागलं, पन..." असं म्हणाले, आणि तो 'पन' आईनं पदराला बांधून घेतला. बाई म्हणायच्या, नुसत्या जिभेवर भरवसा ठेवू नका, तपासून पाहा. मी बाटली काठोकाठ भरून घेतली. निघताना मुलाच्या आईनं आईची ओटी भरली आणि वर शेरभर तुरीची डाळ बांधून दिली. "घरची हाये, वावरातली."

दोन दिवसांनी आई आणि ताई हळदीकुंकवाला गेल्या. मी दार लावून घेतलं आणि स्टोव्ह पेटवला. आमच्या डब्यात बाजारातून आणलेली डाळ मूठभरच उरली होती. ती मी आमच्या नळाच्या पाण्यात घातली. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात त्यांनी दिलेली डाळ घातली. त्यांचं पाणी, त्यांची डाळ. आमचं पाणी, आमची डाळ. मला ते अगदी न्यायाचं वाटलं, एखाद्या जोडप्याला शेजारी बसवावं तसं. आमची डाळ पाऊण तासात चेपली गेली. मग त्यांचा गंज चढवला. पाऊण तास झाला, तास झाला, सव्वा तास झाला. दाणा चिमटीत तसाच टणक. पाणी आटलं तसं बाटलीतलं उरलेलं ओतत गेले, आणि फेस मोजायला थेंबही राहिला नाही. ताई डोक्यावर गुंड घेऊन कोसभर चालते आहे, तिचे केस मधोमध विरळ झाले आहेत, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी थोडी फुशारकीही होती. मोठ्यांना जे कळलं नाही ते मला कळलं होतं.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं. बाबांनी कोर्टात घ्यावी तशी उलटतपासणी घेतली. पाणी कोणी भरलं, बाटली धुतली होती का, किती वेळ शिजवलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. शाळेत बाई कशा करतात ते हातवारे करून सांगितलं. डाळ कोणती, हे वकिलांच्याही डोक्यात आलं नाही. वरणाशी त्यांचा संबंध ताटातच यायचा. आई फक्त म्हणाली, "मले वाटलंच होतं." दुसऱ्या दिवशी बाबांचं पत्र गेलं. पाणी तपासून पाहिले, आमच्या मनात शंका आहे, तरी क्षमा असावी. मी शाळेच्या वहीत हा सगळा प्रयोग सुवाच्य अक्षरात लिहिला, नावं गाळून, खाली दोन रेघा मारल्या आणि वही बाईंच्या टेबलावर ठेवली. त्या आठवड्यात घरात मला दोनदा सायीचं दही मिळालं.

वही परत आली तेव्हा शेवटच्या रेघेखाली लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: "डाळ एकच होती का?"

त्या दिवशी शाळेतून घर येईपर्यंत मी काय काय पाहिलं, मला सांगता येणार नाही. मोर्णा नदीचा पूल ओलांडला एवढं आठवतं. कपाटाचं कुलूप उंदरांसाठी नव्हतं, हे मला पुलावर कळलं. तरी मन पळवाटा शोधत होतं. डाळ डाळच असते, बाईंना उगीच खोड काढायची सवय आहे, असं मी स्वतःला समजावत घरात शिरले, तर नंदाताई चुलीपुढे बसून वरणाच्या गंजात चिमूटभर सोडा टाकत होती. आमच्या घरी वरणात सोडा कधी पडत नसे.

"सोडा काहून टाकून राहिली?"

"शिजत नाई म्हून," ती सहज बोलून गेली.

"आपल्या नळाच्या पान्यात?"

ताईनं मागे वळून पाहिलं. शेजारी तीच ओटीबरोबर आलेली डाळीची पिशवी होती. बाजारची डाळ संपल्यापासून आठवडाभर ती आम्ही खात होतो. डाळ मागच्या हंगामातली, जुनी, मुरलेली. गंगेच्या पाण्यात घातली असती तरी शिजली नसती. ताईला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं उठून दार लोटलं, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "बेबी, कोनाले सांगू नको. मले अमरावतीले बी.एड.ले जायचं हाये. फॉर्म आनून ठेवला हाये मी. हे लगन आपोआप मोडलं, देवानंच मोडलं. तू आता काई बोलशील तं बाबा उद्या मोटारीत बसून तिकडं जातीन." तिचे हात पिठाचे होते, माझ्या मनगटावर पाच बोटं उमटली. मी कबूल केलं. देवाची शपथ घेतली. देवानं नाही, मी मोडलं होतं, हे मात्र आम्ही दोघी जाणून होतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवायला बसले की ताटातलं वरण माझ्याकडे पाहतंय असं वाटायचं. बाईंच्या तासाला मी मागच्या बाकावर बसायला लागले. त्यांनी वहीबद्दल पुन्हा विचारलं नाही, आणि न विचारण्यानं मला जास्त धाक बसला. स्वतःची समजूत मी एकच घालत होते, की नुकसान कुणाचंच झालं नाही. ताईला हवं ते मिळालं, आई सुखात आहे, त्या लोकांना दुसरी सून मिळेल. ही समजूत पंधरा दिवस टिकली. मग अमरावतीहून आत्या आली, चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. "दादा, तुमी काय लिवलं होतं जी पत्रात? तिकडं निरा बोंब झाली. अकोल्याच्या वकिलानं पानी तपासून नाकारलं म्हून सांगतेत लोक. त्यायच्या धाकट्याची सोयरीक ठरत आली होती अंजनगावले, ते मानसं मांगं सरून राहिले. पोराच्या मायनं गावात तोंड दाखवनं सोडलं. ज्या विहिरीवर अर्धं गाव भरते, त्या विहिरीले लोक नावं ठेवून राहिले!"

तपासून. तो शब्द माझा होता. नुसतं 'आवडलं नाही' म्हटलं असतं तर चार दिवसांत लोक विसरले असते. तपासून नाकारलं म्हटल्यावर कोण वाद घालणार? माझ्या मुलाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, आई, तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. असेन. आज त्याच्या घरी वीस लिटरचे जार येतात, कुकर तीन शिट्ट्यांत डाळ शिजवतो, पाणी कुठून आलं हे घरात कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. म्हणून त्याला त्या विहिरीवाल्या बाईंचं तोंड लपवणं कळत नाही. मला त्या दिवशी कळलं, आणि मी नंदाताईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. डोळ्यांनी नको म्हणत होती.

मी बोलले. धाडसानं नाही, रडत बोलले, आणि बोलताना सगळं उलटसुलट झालं. सोडा आधी आला, मग बाईंची लाल शाई, मग विहिरीवर प्यायलेलं गोड पाणी. "ती डाळच जुनी हाये बाबा. आपल्या पान्यात बी शिजत नाई. पाहिजे तं पाहा." आई स्वयंपाकघरात गेली, पिशवीतली डाळ मुठीत घेऊन आली, दाताखाली एक दाणा धरला आणि खाली बसली. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. "मंग आता मीच जातो," ते म्हणाले, "पायावर डोकं ठेवतो अन् लगन ठरवून येतो." तेव्हा मी उरलेली शपथही मोडली. "तिले नाई करायचं, बाबा. तिले अमरावतीले शिकायचं हाये. तिले विचारा ना." आत्या "अव माय!" म्हणून पदर तोंडाला लावून बसली. बाबा ताईकडे वळले आणि त्यांनी विचारलं. वकिलीत त्यांनी हजार माणसांना प्रश्न विचारले असतील, पोटच्या मुलीला हा पहिला. "मले शिकायचं हाये," ताई एवढंच म्हणाली, आणि आत निघून गेली. नंतर दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझी वेणीसुद्धा आईनं घातली.

बाबांनी दोन पत्रं पाठवली. एक त्यांचं, त्यात काय होतं मला माहीत नाही. दुसरं मला लिहायला लावलं, मुलाच्या आईंच्या नावानं. "तू तपासलं ना? मंग तूच लिही." मी वहीत लिहायचे तसंच लिहिलं. काय केलं, काय चुकलं, डाळी दोन होत्या, पाण्याचा दोष नाही. खाली नाव, इयत्ता, तुकडी. बाईंना कच्चं दाखवलं तर त्यांनी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाल्या, "हे पत्र अंजनगावच्या लोकायलेही पाठव." मी त्याची नक्कल केली आणि पत्ता आत्याकडून मागवला.

उत्तर आलं नाही. एक महिना गेला, संक्रांत गेली. पोस्टमन गल्लीत शिरला की मी मोरीत जाऊन उभी राहायची. मग माघात एका रविवारी, आम्ही जेवायला बसायच्या बेतात, दारात त्याच आल्या. हिरव्या बांगड्या, एका हातात पितळेची कळशी, कळशीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. दुसऱ्या हातात पिशवी. कळशी त्यांनी एस.टी.त मांडीवर धरून आणली होती, लुगड्याचा पुढचा भाग ओला होता. आईनं पुढे केलेला पेला त्यांनी घेतला नाही. "पत्र लिवनारी पोट्टी कोनती?" मी पुढे झाले. "हे माहं पानी. हे औंदाची नवी डाळ. शिजव माह्यासमोर."

स्टोव्ह पेटवताना माझ्या हातून तीन काड्या विझल्या. नवी डाळ, त्यांचं पाणी. शेजारी बाबांनी दुसरा स्टोव्ह मागवून आमचं पाणी ठेवलं, आणि मी दोन्हीकडे तीच नवी डाळ वाटीनं मोजून घातली. दोन स्टोव्हांची भरभर आणि भिंतीवरचं घड्याळ. मला सारखं वाटत होतं, नाहीच शिजली तर? पाणी खरोखरच खारं निघालं तर? मग त्यांना मी काय तोंड दाखवू, आणि निघालं नाही तर स्वतःला काय दाखवू? अर्धा तास झाला. त्यांनी पळीनं दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. चटका बसला. मी चेपला. लोण्यासारखा पसरला. आमच्या गंजातला अजून मधे कचकचत होता.

मी रडले. त्यांनी माझं रडणं संपू दिलं, मग कळशीतलं पाणी पेल्यात ओतून आईपुढे धरलं. आई उभ्यानं सगळं प्यायली. "अंजनगावचं झालं पक्कं," त्या म्हणाल्या, "त्यायले बी हिचं पत्र भेटलं. थोरल्याचंही पाहून राहिलो दुसरीकडं." मग त्या दाराच्या चौकटीशी उभ्या असलेल्या नंदाताईकडे वळल्या.

"अन् तुले? त्या टायमाले तुले कोनं विचारलं होतं का व, लगन करायचं का नाई म्हून?"

ताईनं नाही म्हणून मान हलवली.

"मले बी नाई विचारलं कोनं," त्या म्हणाल्या. "पानी गोड हाये का, एवढंच विचारलं माह्या बापानं."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. नंदाताई पुढे आली, त्यांच्या हातातली पळी घेतली आणि वरण घोटायला बसली. आईनं पाट मांडला, आणि त्या दिवशी त्या आमच्या घरी जेवल्या.